युद्ध कशासाठी, आणि कुठवर?



पानिपताविषयी बोलायला मराठी माणसाला निमित्त लागत नाही. अडीचशे वर्षे उलटून गेली तरी आपण तोच खटला चालवतो आहोत. चूक भाऊसाहेबांची की मल्हाररावांची? गोलाची लढाई करायला हवी होती की गनिमी काव्याची? बुणगे आणि बायकामुले ग्वाल्हेरला ठेवली असती तर? सूरजमलाचे ऐकले असते तर? हे सगळे प्रश्न आपण का हरलो याचे आहेत. मला आज त्याच लढाईविषयी एक वेगळा प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे, आणि तो ठेवून मागेपुढे थोडे फिरायचे आहे.

समजा, १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासरावांना गोळी लागली नाही. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी सकाळी रोहिल्यांची फळी फोडली होती; समजा, ती पुन्हा सांधली गेलीच नाही आणि अब्दाली यमुनापार निघून गेला. मग १५ जानेवारीच्या सकाळी भाऊसाहेबांनी काय केले असते? त्याचा पाठलाग करून लाहोरला गेले असते? दिल्लीत परतले असते? रोहिला सरदार नजीबखानाचा निकाल लावायला दोआबात उतरले असते? बंगालवर चाल करून कर्ज फेडायच्या मागे लागले असते? मी उपलब्ध पत्रे अनेकदा वाचली आहेत. यांपैकी प्रत्येक गोष्टीला त्यांत आधार सापडतो. ही मोहीम इथे आली की पूर्ण झाली, असे सांगणारे वाक्य मात्र मला सापडत नाही. माझ्या मते पानिपताची खरी शोकांतिका इथून सुरू होते, आणि ती लढाईच्या दिवसाच्या पुष्कळ आधी सुरू झालेली आहे.

युद्ध हे राजकारणाचेच एक साधन आहे, हा विचार क्लाउझेविट्झच्या नावाने ओळखला जातो. हा प्रशियाचा सैनिक लहानपणीच फौजेत दाखल झाला, १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला तेव्हा कैद झाला, १८१२ साली रशियाच्या बाजूने लढला, आणि १८३१ साली वारला. त्याचे युद्धविषयक लेखन पुढच्या वर्षापासून त्याच्या पत्नीने, मारी हिने, प्रसिद्ध केले. त्याच्या नावाने जे एक वाक्य सर्वत्र फिरते त्याचा अर्थ लोक बहुधा राज्यकर्त्यांना लढायचा परवाना असा घेतात. त्याचे म्हणणे उलट दिशेने जाते. युद्धाला स्वतःची एक ओढ असते. मारामारी वाढत जाण्याकडेच तिचा कल असतो. संताप, योगायोग आणि धुके तिला कुठेही नेऊ शकतात. राजकीय हेतू हाच तिला आवरणारा लगाम. तो हेतू धूसर असेल तर सेनापती कितीही शूर असो, लढाई त्याला आपल्या मागे ओढत नेते.

हे कळायला आपल्याला प्रशियाला जायची गरज नव्हती. १७२७-२८ सालची एक मोहीम आपल्याच मुलुखात झाली आहे. पालखेडची. निफाडजवळचे धरणाचे पालखेड नव्हे. वैजापूर तालुक्यातले, औरंगाबादच्या पश्चिमेचे.

प्रकरण असे होते. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ साली दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. निजामुल्मुल्काला त्या मान्य नव्हत्या. मुबारिझखानाला मारून तो १७२४ नंतर दक्षिणेचा जवळपास स्वतंत्र धनी झाला होता, आणि त्याला एक नामी कायदेशीर सबब सापडली होती: मराठ्यांचे राजे दोन, साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी, खरा हक्कदार कोण ते आधी ठरू द्या, मग पैसे देऊ. पेशव्यांच्या फौजा कर्नाटकात गुंतल्या असताना त्याने हा डाव टाकला. म्हणजे प्रश्न पैशाचा दिसत होता, पण होता राज्याच्या मुळाचा. शाहूमहाराजांच्या छत्रपतीपणाचा निवाडा मोगलांचा सुभेदार करणार, ही गोष्ट एकदा मान्य झाली असती तर उरले काय असते?

बाजीराव त्या वेळी सत्तावीस वर्षांचे. निजाम पन्नाशी ओलांडलेला, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला, दक्षिणेतला सर्वांत अनुभवी सेनानी. त्याचा तोफखाना नामांकित. १७२७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस बाजीराव निघाले ते पुण्याचे रक्षण करायला थांबले नाहीत. जालना, सिंदखेड करत पूर्वेकडे गेले, वऱ्हाडाच्या कडेने वर चढले, बुऱ्हाणपूर लुटणार अशी हूल उठवली आणि खानदेशातून गुजरातेत उतरले. निजाम आधी त्यांच्या मागे धावला, मग कंटाळून त्याने पुण्याची वाट धरली. पुण्यात त्याने संभाजीराजांना छत्रपती म्हणून मिरवले. कोणाही तरुण सेनापतीचे धाबे दणाणावे अशी ही बातमी. आपले पुणे शत्रूच्या हाती, आपल्या धन्याचा प्रतिस्पर्धी तिथे गादीवर.

बाजीराव पुण्याकडे वळले नाहीत. ते औरंगाबादकडे वळले. आपले शहर धोक्यात आलेले पाहून निजामाला पुणे सोडून धावावे लागले, आणि वेगाने धावायचे म्हणून जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. गोदावरी ओलांडल्यावर, फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस, पालखेडच्या परिसरात तो मराठी घोडदळाच्या वेढ्यात सापडला. दाणा नाही, चारा नाही, पाणी तोडलेले. मोठी रणधुमाळी अशी झालीच नाही. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावला तह झाला. विसाव्या शतकात फील्डमार्शल मॉण्टगोमेरीने युद्धकलेचा इतिहास लिहिताना या मोहिमेची मुद्दाम वाखाणणी केली, आणि तेव्हापासून आपणही पालखेडची आठवण काढली की वेगाची आणि चकव्याची स्तुती करतो. ती रास्तच आहे.

मला मात्र तहातली कलमे जास्त बोलकी वाटतात. शाहू हेच चौथाई-सरदेशमुखीचे हक्कदार हे निजामाने मान्य करावे. उठवलेली ठाणी आणि अंमलदार परत बसू द्यावेत. थकलेली बाकी द्यावी. संभाजीराजांचा पक्ष सोडावा. थोडक्यात, ज्या प्रश्नावरून युद्ध पेटले त्याचे उत्तर, आणि तेवढेच. औरंगाबाद मागितले नाही. निजामाचे डोके मागितले नाही. उपाशी, तहानेला शत्रू वेढ्यात असताना एवढेच मागून वेढा उठवणे सोपे नसते. छावणीतल्या कित्येकांना ते पटले नसणार.

यावर आजही आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. बाजीरावांनी तेव्हाच निजाम संपवला असता तर पुढचे भोपाळ, उदगीर, राक्षसभुवन, खर्डा हे काहीच घडले नसते. मला हा आक्षेप नीट विचार केल्यावर पटत नाही. वेढा घालणारे घोडदळ उपासमार घडवू शकत होते. मरणावर उदार झालेल्या मोगली फौजेचा तोफांशिवाय संहार करणे ही वेगळी गोष्ट होती. शिवाय निजाम गेला असता तर त्याच्या जागी दिल्लीने दुसरा सुभेदार पाठवला असता, ज्याची सही नव्याने मिळवावी लागली असती. आणि शाहूमहाराजांचे धोरणच जुनी घराणी समूळ उखडू नयेत असे होते. सेनापतीला धन्याच्या मनातला हेतू ठाऊक होता, आणि तो हेतू त्याच्या घोड्यांच्या ताकदीत बसणारा होता. या दोन गोष्टी एकत्र येणे इतिहासात विरळा.

नऊ वर्षांनी हेच बाजीराव दिल्लीच्या वेशीवर होते. सादतखानाने यमुनेपलीकडे मल्हाररावांच्या एका तुकडीला मागे रेटले होते आणि मराठ्यांना पार हाकलले अशी बढाई बादशहाला लिहून पाठवली होती. बाजीरावांनी मोगली फौजांना बगल देऊन लांब लांब मजला मारल्या आणि मार्च १७३७ च्या अखेरीस ते थेट राजधानीशी प्रगट झाले. शहरातून चाल करून आलेली फौज त्यांनी मोडली. दिल्ली समोर उघडी होती. चिमाजीअप्पांना या स्वारीची हकीकत कळवणारे त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. दिल्ली जाळून खाक करावी असा आधी विचार होता, असे ते त्यात मोकळेपणी सांगतात. मग तो विचार का सोडला त्याचे कारण देतात: बादशहा आणि खानदौरान यांच्या मनात सलूख करायचा आहे, इतर मोगल तो होऊ देत नाहीत, अशा वेळी टोकाला गेलो तर राजकारणाचे सूत्रच तुटेल. म्हणून शहराला हात न लावता ते मागे वळले. पुढच्या जानेवारीत भोपाळजवळ निजामाला पुन्हा कोंडून त्यांनी माळव्याचा करार लिहून घेतला.

घोड्यावर बसून, धुरळ्यात, विजयाच्या भरात असलेल्या माणसाने लिहिलेले हे पत्र आहे. सेनापतीचे शौर्य म्हणजे काय असे मला कोणी विचारले तर मी पालखेडच्या मजलांच्या आधी हे पत्र त्याच्या हाती देईन.

आता पानिपताकडे परत येऊ. एप्रिल १७५२ मध्ये वजीर सफदरजंगाच्या मध्यस्थीने शिंदे-होळकरांनी बादशहाशी करार केला: घरच्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून, म्हणजे अब्दालीपासूनही, पातशाहीचे रक्षण मराठ्यांनी करायचे, मोबदल्यात रोकड आणि उत्तरेतले हक्क. एका सहीने मराठी राज्याची जबाबदारी सिंधूपर्यंत गेली. ही जबाबदारी पेलायला किती फौज, किती पैसा, कोणते मित्र लागतील याचा हिशेब मात्र कोणी मांडला असे दिसत नाही. १७५८ साली राघोबादादा लाहोरपर्यंत गेले, आणि अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान आपल्या भाषेत कायमचा बसला. ती स्वारी कर्ज घेऊन परतली. पंजाबात टिकून राहील अशी फौज मागे उरली नाही. मग नानासाहेब पेशव्यांची दत्ताजी शिंद्यांना पत्रे: लाहोरचा बंदोबस्त करा, काशी-प्रयाग सोडवा, बंगालकडून पैसा मिळवा. एका सरदाराने एका हंगामात! १० जानेवारी १७६० ला दत्ताजी बुराडी घाटावर पडले, आणि आधीच्या सगळ्या हेतूंत आणखी एक मिसळला, सुडाचा.

या ओझ्यानिशी सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्चमध्ये परतूडहून निघाले. नुकतेच उदगीरला निजामाला त्यांनी नमवले होते. तोफा आणि गारदी यांचे तंत्र त्यांना वश झाले होते. माणूस कर्तबगार, हिशेबाचा पक्का. त्यांना काय सांगून पाठवले होते? अब्दालीला घालवायचे. पातशाही राखायची. दत्ताजींचा बदला घ्यायचा. थकलेल्या खंडण्या वसूल करून कर्ज फेडायचे. आणि पेशव्यांचा थोरला मुलगा बरोबर दिलेला, त्यामुळे विश्वासरावांना दिल्लीच्या तख्तावर बसवणार अशी आवई उत्तरेत उठलीच. तिने अवधच्या शुजाउद्दौल्यासारख्या कुंपणावर बसलेल्याला पलीकडे ढकलायला मदतच केली.

गोलाची लढाई की गनिमी कावा, हा वाद यानंतरचा आहे. अब्दाली परत जावा एवढेच पाहिजे असेल, तर वेळ मराठ्यांच्या बाजूने होती. त्याचे लोक वर्षभर घराबाहेर होते, त्यांना पगार नव्हता, हिंदुस्थानचा उन्हाळा त्यांना सोसत नव्हता. नजीबखान पैसा आणि धान्य पुरवत होता म्हणून ते टिकले होते. तेव्हा नजीबाची रसद मारा, दूर राहा, झुलवत ठेवा. हिंदुस्थानचे धनी आपण हे सर्वांना दाखवायचे असेल, तर मात्र दिल्ली घेतली पाहिजे, तोफखाना पाहिजे, समोरासमोर एकदा निकाल लावला पाहिजे, आणि मग जाट, राजपूत, शुजा यांना आधी काहीतरी देऊन आपलेसे केले पाहिजे. दोन्ही रस्ते शक्य होते. भाऊसाहेबांनी दुसऱ्या रस्त्याचा तोफखाना घेतला आणि पहिल्या रस्त्याची मित्रमंडळी, म्हणजे जवळजवळ कोणीच नाही. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली. पगाराला पैसे नाहीत म्हणून दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडावी लागली. सूरजमल निघून गेला. ऑक्टोबरात शहाआलम बादशहा असल्याची द्वाही फिरवली, कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. त्यानंतरचे अडीच महिने आपण सगळे जाणतो.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात या काळातली भाऊसाहेबांची पत्रे आहेत. गोविंदपंत बुंदेल्यांना पैसा पाठवा, धान्य पाठवा, शत्रूची रसद तोडा असा लकडा त्यांत आहे. ती वाचताना घसा दाटतो. आणि त्याच दिवसांत तहाची बोलणीही चालू होती. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पुढे फारसीत लिहून ठेवले आहे की भाऊंकडून सलुखाचा शब्द येत होता, अब्दाली अगदीच नाही म्हणत नव्हता, आणि नजीबखानाने प्रत्येक वेळी तो मोडून काढला. मला यात एक भीषण गोष्ट दिसते. त्या दोन छावण्यांत आपल्याला नेमके काय हवे आहे हे पक्के ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो नजीबखान होता. त्याला मराठे दोआबातून जायला हवे होते. त्यासाठी दुसऱ्याची फौज, दुसऱ्याचा धर्मभाव, सगळे त्याने वापरले.

त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपताचा जो अभ्यास केला त्यापुढे मी नतमस्तक आहे. परकी आक्रमकाला हिंदुस्थानात थारा नाही, या तत्त्वासाठी भाऊसाहेब लढले, असे ते मानतात. भाऊंच्या मनाची उंची मलाही मान्य आहे. पण तत्त्व आणि मोहिमेचा हेतू यांत फरक करायला हवा असे मला वाटते. तत्त्वासाठी माणूस मरू शकतो. सेनापतीला त्याखेरीज हेही कळावे लागते की कोणती नदी, कोणता किल्ला, कोणाची सही मिळाली की त्याने आपल्या माणसांना घरी न्यायचे.

जो जिंकला त्याचे काय झाले तेही पाहू. अब्दालीचा हा विजय लष्करी दृष्टीने पूर्ण होता. नंतर त्याने नानासाहेबांना पत्र लिहून झाल्या गोष्टीची हळहळ दाखवली आणि मैत्रीची भाषा केली. शहाआलमलाच त्याने बादशहा म्हणून मान्यता दिली, म्हणजे ज्याच्या नावाने भाऊंनी द्वाही फिरवली होती त्यालाच. पगारासाठी फौज कुरकुरत होती, म्हणून दोन-अडीच महिन्यांत तो अफगाणिस्तानाकडे निघाला. ज्या पंजाबच्या महसुलासाठी तो पुन्हा पुन्हा येत होता, तिथे त्याच वर्षी शिखांनी लाहोर घेतले. आणि १७७२ च्या जानेवारीत शहाआलम दिल्लीच्या तख्तावर येऊन बसला तो महादजी शिंद्यांच्या संरक्षणात. पानिपतावर पडलेल्या हजारो मराठ्यांनी आणि अफगाणांनी दिल्लीचा प्रश्न अकरा वर्षे पुढे ढकलला, एवढाच त्या संहाराचा राजकीय जमाखर्च निघतो. मी हे थंडपणे म्हणत नाही. घरोघरी कुंकू पुसले गेले. नानासाहेब त्या धक्क्यातून सावरले नाहीत, जून १७६१ मध्ये पर्वतीवर गेले. म्हणूनच हिशेब मांडायला हवा.

थांबण्यावरून युरोपातले एकच उदाहरण देतो. ३ जुलै १८६६ रोजी कोनिगग्रेट्झला प्रशियाने ऑस्ट्रियाचा एका दिवसात पराभव केला. सेनापती मोल्टके, राजा विल्हेल्म, सगळी छावणी व्हिएन्नात शिरायला आतुर. बिस्मार्क एकटा विरोधात. ऑस्ट्रियाने जर्मनीच्या कारभारातून बाहेर पडावे, एवढ्यासाठी त्याने युद्ध केले होते आणि तेवढे मिळाले होते. राजाशी अक्षरशः भांडून त्याने महिन्याच्या आत तह केला आणि ऑस्ट्रियाची स्वतःची तसूभर जमीन प्रशियासाठी मागितली नाही. चार वर्षांनी फ्रान्सशी युद्ध झाले तेव्हा ऑस्ट्रिया तटस्थ राहिला. त्याच बिस्मार्कच्या हातून १८७१ साली आल्सास-लोरेन तोडून घेतले गेले, आणि त्याचे व्याज युरोपने पुढच्या शतकात फेडले.

आपल्या काळातले आपले लखलखीत उदाहरण १९७१ चे. एप्रिलमध्येच पूर्व पाकिस्तानात शिरा, अशी मागणी होत होती आणि जनरल माणेकशा यांनी पंतप्रधानांना नकार दिला, ही हकीकत ते स्वतः पुढे रंगवून सांगत. तिच्या तपशिलांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यांनी दिलेली कारणे खणखणीत होती: पावसाळ्यात बंगालच्या नद्या समुद्र होतात, हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बंद होतात आणि चीनची धास्ती कमी होते, फौजेची जुळवाजुळव व्हायला महिने लागतात. ते महिने राजकारणाने वाया घालवले नाहीत. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, मुक्तिवाहिनी उभी राहिली, इंदिरा गांधी पश्चिमी राजधान्यांत फिरून आल्या. सुमारे एक कोटी निर्वासित परत जाऊ शकतील असे तिथले सरकार उभे करणे, हा हेतू शिपायापासून सेनापतीपर्यंत सर्वांना समजणारा होता. ६ डिसेंबरला बांगलादेशाला मान्यता दिली, १६ डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी जगजितसिंग अरोरांपुढे शरणपत्रावर सही केली, दुसऱ्या दिवशी पश्चिमेलाही आपण होऊन शस्त्रसंधी केली, आणि मार्च १९७२ मध्ये आपल्या पलटणी बांगलादेशातून माघारी आल्या. ही शेवटची गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. जिंकलेल्या देशातून तीन महिन्यांत निघून येणारी फौज जगाच्या इतिहासात किती वेळा दिसते?

पश्चिमेला आणखी पुढे का गेलो नाही, ही टीका मी आजही ऐकतो. शिमल्याला सुमारे ९३ हजार कैदी हाती असताना काश्मीरचा प्रश्न का मिटवून घेतला नाही, हीही. दुसरी टीका मला निम्मी मान्य आहे. पण काश्मीरच्या तोडग्यासाठी ते युद्ध आखलेच नव्हते. आघाडीवर त्या हेतूने काही घेतलेले नसताना टेबलावर ते कुठून मांडणार?

आता १९६२. हा भाग मी शेवटी ठेवला, कारण मला तो सर्वांत जास्त टोचतो.

कोल्हापूरच्या मातीतले लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९५७ पासून ईशान्येकडचा मुलूख ज्याच्याकडे होता त्या पूर्व विभागाचे सेनापती होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी लष्कराच्या मुख्यालयाला लेखी कळवले की चीनकडून धोका आहे, सीमेवरच्या चौक्या तो अडवू शकणार नाहीत, संरक्षणाची खरी फळी मागे, रस्ते पोहोचतात तिथे उभी करावी लागेल, आणि त्यासाठी इतकी इतकी फौज लागेल. लष्करप्रमुख थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले. मेनन यांनी ते धुडकावले. मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेतला आणि चिनी चाल झाली तर काय काय कोसळेल ते अधिकाऱ्यांपुढे मांडले. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुढे पुढे चौक्या नेण्याचे धोरण ठरले. त्या चौक्यांना ना तोफांचा आधार होता ना रस्त्याचा. १२ ऑक्टोबर १९६२ ला पंतप्रधान नेहरूंनी लंकेला जाता जाता पत्रकारांना सांगितले की आपला प्रदेश मोकळा करायला लष्कराला सांगितले आहे. २० ऑक्टोबरच्या पहाटे नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर दळवींची ब्रिगेड चिरडली गेली. त्या जवानांपैकी पुष्कळांच्या अंगावर थंडीचे कपडेही नव्हते.

युद्ध हरल्यावर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. आपल्या आत्मचरित्रात थोरातांनी ही भेट सांगितली आहे. तो १९५९ चा कागद पंतप्रधानांपर्यंत पोहोचलाच नव्हता.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी, कितीही कडू असली तरी. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि पूर्वेला जिंकलेल्या मुलुखातून फौजा मागे घेतल्या. आसामचा रस्ता मोकळा होता. रसदीची लांबलेली रांग आणि खिंडींत पडू लागलेला बर्फ ही कारणे होतीच, पण आपल्याला काय हवे होते आणि ते मिळाले की नाही, हे पेकिंगला पक्के ठाऊक होते. आम्ही मात्र नकाशावरची रेघ, संसदेतला संताप आणि डोंगरातली पलटण या तिन्हींना एकच गोष्ट मानून चाललो होतो.

नागरी सत्तेने सेनेला हुकूम द्यावा आणि सेनेने तो पाळावा, या व्यवस्थेवर माझी पूर्ण निष्ठा आहे. शेजारच्या देशांत ती मोडल्यावर काय होते ते आपण पाहतो. पण थोरातांनी केले तेही याच व्यवस्थेचा भाग आहे: तुम्ही मागता ते या साधनांत होणार नाही, असे धन्याला लिहून कळवणे. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि सेनापतींचे म्हणणे ऐकायची रीत त्यांनी पुन्हा बसवली. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा विमानदल वापरायची परवानगी त्यांनी तिथल्या तिथे दिली. ते धैर्य तीन वर्षांच्या ऐकण्यातून आलेले होते.

१९६२ च्या पराभवाची चौकशी करून लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ साली अहवाल दिला. त्यांना तपासायला सांगितले होते ते सेनेचे शिक्षण, सामग्री, हुकूम देण्याची पद्धत, अधिकाऱ्यांची पात्रता. राजकीय निर्णय त्यांच्या कक्षेत नव्हते. तोही अहवाल कोणत्याही पक्षाच्या सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा एक भाग २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने जगापुढे आणला. भाऊसाहेबांची पत्रे आपल्या हाती आली म्हणून आपण पानिपतावर इतकी वर्षे डोळसपणे भांडू शकलो. नामका चू येथे जे मेले त्यांची मुले आज म्हातारी झाली आहेत. त्यांच्या वडिलांना कोणत्या हेतूने तिथे पाठवले, कोणी पाठवले, आणि जाऊ नका असे कोणी कोणी सांगितले होते, हे त्यांना त्यांच्या हयातीत सरकारी कागदावर वाचायला मिळाले पाहिजे. हा अहवाल पूर्ण, एकही पान न गाळता, प्रसिद्ध व्हावा अशी मागणी मी या व्यासपीठावरून करतो, आणि तुम्हीही ती आपापल्या खासदारांना लिहून कळवावी अशी विनंती करतो.